चौथा कोपरा

१

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे तराजू, काटे आणि मापं तपासायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर काटा जप्त करायचा, हे माझं काम. ऑफिसात मला ‘मापातलं पाप’ म्हणतात, तेही तोंडावर. पंधरा वर्षं हे केल्यावर हाताला एक खोड लागली आहे. जे उचलावं त्याचं वजन आपोआप मनात येतं. कुणी कौतुकाने आपलं बाळ माझ्याकडे दिलं तर मी आधी ‘पाच किलो चारशे’ म्हणते आणि मग ‘गोड आहे हो’ म्हणते.

आई आणि मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. अंगणापासून आमच्या दारापर्यंत लाकडी जिना आहे, बावीस पायऱ्यांचा, मध्ये एक वळण. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, तरी दर शनिवारी सकाळी बाजारात स्वतः जाते. मी आणते म्हटलं तर म्हणते, “तू भाजी आणत नाहीस, तपासणी करून येतेस. भाजीवाले मला शिव्या घालतात.”

त्या शनिवारी मी दारात उभी राहून तिची वाट बघत होते. ती वळणावर दिसली. डावा हात कठड्यावर, उजव्या हातात कापडी पिशवी. ओठांत काहीतरी गुणगुणणं चाललं होतं. मी हसून पुढे झाले आणि तिथेच थांबले.

पिशवीला दोन बंद आहेत. आईने त्यातला एकच धरला होता. असं धरलं की पिशवी एका बाजूला कलंडते, तोंड उघडतं, कांदे डोकावायला लागतात. ही पिशवी सरळ होती. तोंड मिटलेलं होतं. दुसरा बंद वर ताठ उभा होता, ओढून धरल्यासारखा.

आईने पिशवी दाराशी ठेवली, तेव्हा तो बंद मुकाट खाली पडला.

“दमली नाहीस?” मी विचारलं.

“दमायला काय झालं? आज पिशवी हलकीच होती.”

ती हात धुवायला आत गेली. मी पिशवी स्प्रिंगच्या काट्याला लावली. नऊ किलो दोनशे. मग मी जिन्यावर जाऊन पिशवी एकाच बंदाने उचलून बघितली. ती लगेच कलंडली आणि एक कांदा बाहेर उडी मारून निघाला. तो खाली अंगणात पोचेपर्यंत मी प्रत्येक पायरीचा आवाज ऐकत उभी होते.

भोपळा आडवा बसला असेल आणि त्याने तोंड धरून ठेवलं असेल, असं मी मनाला सांगितलं. पिशवीत भोपळा नव्हता.

२

दादाबद्दल सांगायला हवं.

माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. एकशे सहा किलो. हा आकडा अंदाजाचा नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तो ऑफिसात आला, धान्याच्या मोठ्या काट्यावर उभा राहिला आणि म्हणाला, “मारा शिक्का.” साहेबांनी खरंच त्याच्या मनगटावर शिक्का मारला. तो त्याने चार दिवस पुसू दिला नाही.

शाळेच्या बँडमध्ये तो मोठा ढोल वाजवायचा. सैन्यात भरती व्हायला गेला तर डॉक्टरांनी वजन बघून परत पाठवला. पण त्याच वेळी मैदानात सैन्याच्या बँडची तालीम चालली होती आणि ढोलवाल्याला ढोल पेलत नव्हता. दादाने तो ताटासारखा उचलला, पट्टा गळ्यात घातला आणि विचारलं, “कुठे ठेवू?” बँडमास्तरांनी त्याला परत डॉक्टरांकडे नेलं. काय बोलणं झालं कोण जाणे, पण दुपारी तो सैनिक झाला होता. घरी येऊन म्हणाला, “आई, मी देशाचा वजनदार माणूस झालो.”

सात वर्षं त्याने ढोल वाजवला. संचलनं, मोठ्या साहेबांची स्वागतं, अधिकाऱ्यांची लग्नं. पत्रांत बहुतेक जेवणाची वर्णनं असायची. आई ती मोठ्याने वाचायची आणि आम्ही पोट धरधरून हसायचो.

मग युद्ध आलं. युद्धात बँड वाजत नाही. वाद्यं पेट्यांत बंद होतात आणि वाजवणाऱ्यांच्या हातात स्ट्रेचर येतं. हे आम्हाला माहीत नव्हतं. जखमींना मोर्च्यावरून उचलून चार किलोमीटर मागे दवाखान्याच्या तंबूपर्यंत न्यायचं, चौघांनी, चार कोपऱ्यांना धरून. वाट दगडाच्या खाणीतून होती, गाडी चालत नव्हती. दादाचा कोपरा पायाकडचा, डावा. ढोल नाही म्हणून तो तोंडानेच ठेका धरायचा, ढुम् ढुम् ढुम्. त्यावर चौघांची पावलं एकत्र पडायची आणि वरच्या माणसाला धक्के कमी बसायचे.

अकरा दिवस त्याने माणसं वाहिली. बाराव्या दिवशी सकाळी साडेदहाला तोफेचा गोळा जवळ पडला. तो एकतीस वर्षांचा होता.

त्याला आता बारा वर्षं होऊन गेली. मी त्याच्यापेक्षा मोठी झाले आहे. ही गोष्ट वजनात कशी मोजायची ते मला अजून कळलेलं नाही.

३

त्याच्या वाढदिवसाला आमच्या अंगणात जेवण असतं. त्याने उचलून आणलेल्यांपैकी जे जगले आणि ज्यांना आमचा पत्ता सापडला, ते सगळे घरच्यांना घेऊन येतात. आई त्यांना ‘उचललेले’ म्हणते. “उचललेल्यांपैकी कितीजण येणार आहेत गं?” असं ती आठवडाभर आधीपासून विचारत असते. त्यात एक शिंपी आहे, एक प्लंबर आहे, एक गणिताचे मास्तर आहेत. आणि एक जण उचललेला नाही, उचलणारा आहे. तो बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, दादाच्या स्ट्रेचरचा डोक्याकडचा उजवा कोपरा त्याचा.

पहिल्या वर्षी आईचा गुडघा नुकताच कापलेला होता. तिला जिना उतरता येईना. तेव्हा या चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून अंगणात नेलं. गुडघा बरा झाला, पण खुर्ची काही सुटली नाही. आई वर नटूनथटून बसते, पाहुणे जमले की चौघे वर येतात आणि वरात निघते. आई वरून हुकूम सोडते. “शिंपीदादा, तुमची बाजू खाली. मास्तर, गणित नंतर करा.” पोरंटोरं खाली टाळ्या वाजवतात. एवढी मजा आमच्या घरात वर्षातून तेवढीच एकदा होते.

या वर्षी त्या शनिवारनंतर चारच दिवसांनी वाढदिवस होता. चौघे वर आले तेव्हा त्यांच्या मागून एक नवा माणूस आला. काळा, काटकुळा, हातात मोगऱ्याचं रोप.

“मी माळीकाम करतो,” तो म्हणाला. “मलाही तुमच्या भावाने आणलं होतं. पत्ता यांच्याकडून मिळाला.”

शिंप्याने मान हलवली. हा माणूस त्याच्याकडे कोट शिवायला आला होता. मापं घेताना बरगडीवरचा व्रण दिसला, विषय निघाला, आणि हा म्हणाला की मला नेणारा एक जण तोंडाने ढोल वाजवत होता. शिंपी टेप तिथेच टाकून त्याला मिठी मारून मोकळा झाला.

मी चहा ठेवला. आई आतल्या खोलीत केस विंचरत होती. दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं.

४

“मी त्यांचा चेहरा पाहिला नाही,” माळी सांगायला लागला. “उताणा पडलो होतो. ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. स्ट्रेचर उचललं तेव्हा पायाकडे डाव्या बाजूने ऊन अडलं. बाकी तिन्ही बाजूंनी येत होतं, तिथून नाही. एवढी मोठी सावली होती की मी तिच्यात डोकं सरकवून डोळे मिटले. वाटभर तो ठेका ऐकत होतो.”

“दादाच तो,” मी म्हणाले. मला हसू आलं. त्याच्या सावलीत आम्ही लहानपणी खेळलो होतो.

“तंबूपाशी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. मला आत नेलं. त्यांना दोन शब्द बोलायचे राहिले.” त्याने रोपाच्या कुंडीवरून हात फिरवला. “परत मोर्च्याकडे जाताना गेले ना ते? मला सोडून?”

क्लॅरिनेटवाल्याने कप खाली ठेवला.

“तुम्हाला आणलं तो दिवस कोणता?” मी विचारलं.

त्याने तारीख सांगितली. बारावा दिवस.

“मग वेळ चुकतेय तुमची,” मी म्हणाले. “ती सकाळ असणार. जखमी माणसाला वेळेचं भान कुठलं?”

“ताई, ऊन पश्चिमेकडून होतं. मी माळी आहे. मला उन्हातलं कळतं.”

मी क्लॅरिनेटवाल्याकडे बघितलं. या माणसाने स्वतःच्या हाताने दादावर घोंगडी घातली होती. वेळ त्यानेच आम्हाला सांगितली होती, साडेदहा. बारा वर्षं तो आमच्याकडे येतो, हसतो, खातो. त्याचे डोळे असे पहिल्यांदाच बघत होते मी.

“वेळ बरोबर आहे,” तो हळूच म्हणाला. “माझीही आणि यांचीही.”

“म्हणजे?”

“दुपारी आम्ही तिघंच उरलो होतो. तिघांनी उचलता येतं, पण चौथा कोपरा लोंबतो आणि माणूस तिकडे घसरत जातो. सारखं थांबून त्याला वर ओढावं लागतं.” त्याने माळ्याकडे बघितलं. “यांना नेताना आम्ही एकदाही थांबलो नाही.”

“तुम्ही मागे बघितलं नाही?”

“नाही. बघितलं असतं तर माझा हात सुटला असता. मी फक्त म्हटलं, चाल सोडू नका.”

खाली अंगणात ताटं मांडल्याचं ऐकू येत होतं. माझी बुद्धी तराजू घेऊन बसली होती. दमलेली माणसं, भीती, बारा वर्षांपूर्वीची आठवण. एका पारड्यात हे सगळं टाकलं. दुसऱ्यात तो ताठ उभा बंद होता आणि तो काही उचलला जात नव्हता.

“आमच्यात एक नियम होता,” क्लॅरिनेटवाला पुढे बोलला. “कोपरा आपणहून सोडायचा नाही. दमलास तर ‘बदली’ म्हणायचं. दुसऱ्याचा हात तुझ्या हाताशेजारी येऊन लागला की मगच सोडायचं. सकाळी ढोल्याला, तुमच्या दादाला, लागलं तेव्हा स्ट्रेचर भरलेलं होतं. तो गुडघ्यावर आला, पण कोपरा सोडला नाही. ‘बदली’ म्हणाला. दोनदा म्हणाला. मी माझा कोपरा सोडून त्याच्याकडे जाऊ शकलो नाही, ताई. बाकीचेही नाही. हात लावायला कोणीच नव्हतं.”

आतल्या खोलीतून कंगवा पडल्याचा आवाज आला.

५

मी आत गेले. आई आरशासमोर बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“आई, ही आपली लढाईतली माणसं. त्यांना वाटतं काहीबाही.”

“वाटत नाही,” ती म्हणाली. “शनिवारची पिशवी तोच धरतो. दोन वर्षं झाली. जिन्यावर मी दमले की येतो. मला वाटायचं, येतो-जातो बापडा, सवडीने. मी खूश होते गं. तुला सांगितलं नाही, कारण तू काटा घेऊन आली असतीस.”

मी पडलेला कंगवा उचलून तिच्यापुढे ठेवला.

“पण आज कळलं, त्याला सुटीच मिळाली नाही,” आई म्हणाली. “कुणी कोपरा घेतलाच नाही त्याचा. बारा वर्षं उभा आहे पोरगा.”

तिने शाल खांद्यावर ओढली, माझ्याकडून नीट टाचून घेतली, डोळे पुसले आणि बाहेर जाऊन खुर्चीत बसली. “चला. खालची पोरं भुकेली आहेत.”

चौघांनी खुर्ची उचलली. पुढच्या दोन पायांना क्लॅरिनेटवाला आणि मास्तर, मागच्या दोन पायांना शिंपी आणि प्लंबर. प्लंबरचा पाय मागचा डावा. त्यांच्यामागे मी, आईची काठी घेऊन. माळी मागे दारातच थांबला, रोप छातीशी धरून.

पहिल्या पायऱ्या उतरून झाल्या. मग आईनेच सुरुवात केली. “काय हो, माणूस नेताय की कपाट? तोंडं बघा जरा.” मास्तर हसले. खालून टाळ्या सुरू झाल्या. वळण आलं. वळणावर प्लंबरची चप्पल घसरली आणि तो धपकन पायरीवर बसला. दोन्ही हात कठड्यावर.

“गेलो, गेलो,” तो हसत म्हणाला, आणि मग त्याने वर बघितलं आणि हसायचा थांबला.

खुर्ची हलली नव्हती.

खुर्चीसकट आईचं वजन एकाहत्तर किलो आहे. तीन पाय तिघांच्या हातात होते. मागचा डावा पाय हवेत होता आणि बाकीच्या तिघांच्याच उंचीवर होता. ना खाली, ना वर. आईच्या मांडीवरचा रुमालसुद्धा घसरला नव्हता. शिंपी त्या रिकाम्या पायाकडे बघत होता आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते.

क्लॅरिनेटवाला सगळ्यात खाली, पाठमोरा. त्याने मान वळवली नाही. “चाल सोडू नका,” तो म्हणाला.

आईने मात्र मान वळवली. तिने त्या कोपऱ्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

मला समजलं. उजेड भरपूर होता. सकाळचे अकरा वाजले होते, जिन्याच्या खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. त्या खुर्चीच्या पायाभोवती काहीही नव्हतं, आणि तरी तिथे हात घालायचा म्हणजे माझी बोटं कशाला तरी लागणार याची मला खात्री होती. मी आयुष्यभर रिकाम्या पारड्यात काही नसतं यावर शिक्के मारले आहेत.

मी काठी टाकली, प्लंबरला ओलांडलं आणि हात पुढे केला.

६

लाकूड गरम होतं. बराच वेळ कुणी घट्ट धरल्यावर होतं तसं गरम, आणि घामाने ओलसर. मी त्या ओलाव्याच्या जरा शेजारी माझी बोटं आवळली.

“बदली,” मी म्हणाले. मी परत म्हणाले, “दादा, बदली. मी धरलंय.”

क्षणभर काहीच झालं नाही. मग वजन माझ्या हातात आलं.

हळूहळू आलं. आधी थोडं, मग अजून थोडं. नवशिक्याच्या हातात एकदम टाकत नाहीत तसं. जवळजवळ अठरा किलो. आईचा चौथा हिस्सा. माझा हात चुकत नाही.

माझ्या कानामागे कुणीतरी हुश्श केलं. जड माणूस करतो तसं, पोटातून.

पायरीवर बसलेल्या प्लंबरने घाईघाईने गुडघे जवळ घेतले आणि कठड्याला चिकटला. अरुंद जिन्यावर एखाद्या लठ्ठ माणसाला वाट देतात तसा. का घेतले ते त्याला नंतर सांगता आलं नाही. वरच्या पायऱ्या एकामागून एक वाजल्या, सावकाश, आमच्या दाराच्या दिशेने. माळी सांगतो की दारातल्या उन्हात तो उभा होता आणि एकाएकी त्याच्यावर सावली आली. त्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा पुन्हा ऊन होतं.

मी मागे बघितलं नाही. माझ्या हातात आई होती.

“अगं, मी पडतेय तुझ्या बाजूला,” आई म्हणाली. खुर्ची माझ्याकडे चांगलीच कलली होती. “तू त्याच्यापेक्षा वीतभर बुटकी आहेस.”

“ताई, जरा वर,” क्लॅरिनेटवाला म्हणाला. तो रडत होता आणि हसतही होता, आणि त्याच्या हसण्याने खुर्ची गदागदा हलत होती.

“हलवू नका हो, मी म्हातारी आहे,” आई म्हणाली, आणि तीही हसायला लागली. मग शिंपी, मग मास्तर. हसण्याने आमच्यातलं बळच गेलं. उरलेल्या पायऱ्या आम्ही कशा उतरलो देव जाणे. कुणाचं पाऊल कुणाशी जुळत नव्हतं. खाली पोरांना वाटलं, ही या वर्षीची नवी गंमत आहे. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

जेवताना मास्तरांनी कागदावर आकृती काढून आम्हाला समजावलं. तीन बिंदू असले की प्रतल ठरतं. खुर्ची तिघांवरही स्थिर राहू शकते, त्यात विशेष काही नाही.

“मग मास्तर, माझ्या हातात जास्तीचं वजन का आलं नाही?” शिंप्याने विचारलं.

मास्तरांनी कागद बघितला, उलटा करून बघितला, त्याची घडी घातली आणि वाढणाऱ्याला म्हणाले, “इकडे अजून एकदा फिरवा.”

आई माळ्याच्या शेजारी बसली होती. मोगरा कुठे लावायचा, पाणी किती घालायचं, असं त्याला विचारत होती. अंगणाच्या कोपऱ्यात नको, मधोमध लावा म्हणाली, सगळ्यांना दिसेल असा. तिचं ताट तिने पूर्ण संपवलं. कित्येक वर्षांनी.

माझा उजवा हात खांद्यापासून ठणकत होता. घास तोंडापर्यंत नेताना थरथरत होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, “काय हो, फार जड गेलं का?”

“हो,” मी म्हणाले, “चांगलंच जड गेलं.” आणि डाव्या हाताने जेवू लागले.